तांब्याच्या खांबाची राखण

माझी मुलगी जन्मली तेव्हा मी तिच्यापासून दोन मोटारी, एक नदी आणि एक रेल्वे इतक्या अंतरावर होतो. ती बातमी मला आठ दिवसांनी कळली. सासऱ्यांच्या बारीक अक्षरातलं पोस्टकार्ड होतं: मुलगी झाली, दोघी सुखरूप, केव्हा येता? मी कार्ड दोनदा वाचलं, खिशात घातलं आणि पुन्हा समोरच्या थर्मामीटरकडे पाहिलं. तेवढ्या वेळात पारा तीन अंश वर सरकला होता. बाप झाल्याचा आनंद करायचा सोडून मी व्हॉल्व्हचं चाक फिरवू लागलो.

ही गोष्ट पन्नाशीच्या दशकातली. गडचिरोली तेव्हा चांदा जिल्ह्यातच होतं. तिथून सिरोंच्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, ऐन जंगलात, आमचा कारखाना होता. कारखाना म्हणजे टिनाची चार छपरं, लाकडाचा कोळसा पाडणाऱ्या लोखंडी भट्ट्यांची एक रांग, आणि त्यांच्या मागे वीस हात उंचीचा एक तांब्याचा खांब. कोळशाच्या भट्टीतला धूर थंड केला की त्यातून आंबट, काळपट पाणी मिळायचं. त्यावर चुन्याचे आणि गंधकाच्या अॅसिडचे संस्कार करून आम्ही अॅसेटिक अॅसिड काढायचो, म्हणजे व्हिनेगरचा जो आंबटपणा असतो तोच, पण जाळून टाकेल इतका कडक. दुसरीकडून मोहाच्या फुलांचं अल्कोहोल सीलबंद पिंपांतून यायचं. हे अॅसिड आणि हे अल्कोहोल एकत्र आणून त्या खांबात एक तिसराच पदार्थ तयार करायचा, जो मुंबईच्या रंगवाल्यांना हवा असे. त्याला पिकलेल्या पेरूसारखा गोड वास येई. सुरुवातीचे चार दिवस मला तो आवडला. मग माझ्या भातालाही तोच वास येऊ लागला.

मी नागपूरचा, चोवीस वर्षांचा, हातात नवी कोरी पदवी. तीन वर्षांच्या करारावर सही केली त्याच दिवशी मॅनेजरांनी माझी पदवीची मूळ प्रमाणपत्रं मागून घेतली आणि लोखंडी कपाटात ठेवली. "इथे वाळवी फार," ते म्हणाले. वाळवी होती हे खरंच. पण त्या कपाटाची किल्ली त्यांच्या जानव्याला होती आणि प्रमाणपत्रांशिवाय मला साधी शाळेतली नोकरीही कोणी दिली नसती. पळून का गेला नाहीस, असं माझी बायको मला पुढे चाळीस वर्षं विचारत आली. हे त्याचं उत्तर. ते तिला कधीच पटलं नाही.

आता त्या खांबाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण मला बांधून ठेवलं ते त्यानंच.

अॅसिड आणि अल्कोहोल एका भांड्यात घालून तापवलं की आपल्याला हवा तो पदार्थ आणि थोडं पाणी तयार होतं. पण एक खोड असते. तो पदार्थ आणि ते पाणी तिथेच पडून राहिलं की दोघं पुन्हा मागे फिरतात आणि परत अॅसिड आणि अल्कोहोल बनतात. अर्ध्या वाटेवर काम थांबतं. यावर उपाय असा की तयार झालेला माल तिथे राहू द्यायचाच नाही, होईल तसा वाफेवाटे वरून काढून घ्यायचा. म्हणजे मागे फिरायला काही उरत नाही आणि काम पुढेच जात राहतं. पदार्थ घडवणं आणि तो गाळून काढणं, दोन्ही एकाच खांबात, एकाच वेळी. हल्ली याची मोठी पुस्तकं आहेत, त्यात पानंच्या पानं समीकरणं आहेत. तेव्हा माझ्याकडे कंपनीनं पाठवलेला एक नकाशा होता आणि एक थर्मामीटर.

खांबाच्या आत एकावर एक तांब्याच्या चकत्या होत्या, बाहेरून प्रत्येक चकतीच्या जागी खांबाभोवती एक गोल कडं दिसे. अॅसिड जड, म्हणून ते वरच्या कड्याशी सोडायचं, ते खाली उतरत येई. अल्कोहोल हलकं, ते खालच्या कड्याशी सोडायचं, ते वाफ होऊन वर चढे. मधल्या चकत्यांवर दोघांची गाठ पडायची. तळाशी वाफेची नळी. माथ्यावरून निघालेली वाफ थंड करून थोडी माल म्हणून काढून घ्यायची आणि बाकीची परत खांबात सोडायची. ही परत सोडण्याची तोटी माझ्या हातात. माथ्याचा पारा एकाहत्तर अंशांवर राहिला तर माल चांगला. तो सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तरला गेला तर समजावं की मालाऐवजी नुसतं अल्कोहोलच निसटून चाललंय, आणि अॅसिडाला खाली जोडीदार उरला नाही. मग त्या दिवसाचा माल ओतून पुन्हा पहिल्यापासून.

आणि पारा एकाहत्तरवर राहत नव्हता.

सकाळी सुरू करावं, दोन-तीन तासांत तो जेमतेम जागेवर यावा, मी सुटकेचा श्वास सोडावा, आणि तो हळूहळू वर चढू लागावा. मी तोटी मोकळी करून जास्त माल परत सोडायचो. थोड्या वेळानं तो एकदम खाली कोसळायचा, खांबातून गुडगुड आवाज यायचा, की मी तोटी आवळायचो. मग पुन्हा चढण. दिवसातून सहा-सात वेळा हे व्हायचं. मी वाफ कमी केली, वाढवली. अॅसिड एक कडं खाली सोडून पाहिलं. सिरोंच्याहून आलेल्या तेलुगू तांबटाकडून खांबाचे सगळे सांधे तपासून घेतले. वहीवर आलेख काढला, तर तो दातऱ्या विळ्याच्या धारेसारखा दिसला. तो पाहून मॅनेजर म्हणाले, "तुम्ही इंजिनिअर की टिंगल करायला आलात?"

मुलीचं पोस्टकार्ड आलं त्या दिवशी मी त्यांच्याकडे सुट्टी मागितली. ते पूजेहून उठले होते, कपाळावर गंध ओलं होतं. मोठ्या प्रेमानं त्यांनी मला चहा दिला.

"अभिनंदन. लक्ष्मी आली घरात. पण खांबापाशी दुसरं कोण आहे? तुम्ही गेलात तर तो बंद ठेवावा लागेल."

"मग मला मोकळंच करा," मी म्हणालो.

"करतो ना. तीन दिवस, तीन रात्री खांब सरळ चालवून दाखवा आणि चालवणारा माणूस तयार करा. त्याच दिवशी कपाट उघडतो. माझा शब्द."

त्यांनी शब्द दिला तेव्हा थंडी संपत आली होती. मृगाचा पाऊस सुरू झाला की वैनगंगेला पूर येई, नाव बंद पडे, मोटारीचा कच्चा रस्ता वाहून जाई आणि दिवाळीपर्यंत आम्ही जगापासून तुटून पडायचो. म्हणजे माझ्यापाशी चार महिने होते. त्यात नाही सुटलो तर मुलगी चालायला लागल्यावरच तिचं तोंड दिसणार होतं. बायकोचं पत्र आलं, त्यात मुलीच्या तळपायाचा काजळाचा ठसा होता. तो ठसा माझ्या अंगठ्याएवढाही नव्हता. मी थर्मामीटरसमोरच्या माझ्या मचाणावर बसून, कोणी नाही असं पाहून, ढसाढसा रडलो आणि रडतानाही एक डोळा पाऱ्यावर होता, याचीच मला जास्त चीड आली.

मी त्या थर्मामीटरपासून हललोच नाही, आणि हीच माझी मोठी चूक होती. माझ्या मचाणामागे टिनाची भिंत होती. भिंतीपलीकडे बाहेरच्या ओट्यावर पाण्याची टाकी, आणि तिच्यात बुडवलेली वेटोळ्याची नळी. खांबाच्या माथ्याची वाफ त्या नळीत थंड व्हायची. टाकीत खालून गार पाण्याची बारीक धार सतत यावी आणि वरून कोमट पाणी सांडत राहावं, अशी सोय होती. ती धार सांभाळायचं काम बॉयलर पेटवणाऱ्या म्हाताऱ्या भाऊंकडे होतं. ते जवळच्याच गावचे. घरचं थोडं धान, तळ्यातली मासेमारी आणि इथे बॉयलर. साठीचे असतील, अंगानं वाळके, बोलणं कमी. रोज सकाळी मी त्यांना एकच विचारायचो, "भाऊ, पाणी ठीक आहे ना?" ते म्हणायचे, "हाव बाबू, पान्याची काई फिकर नाई." मी निश्चिंत व्हायचो.

होळीच्या आधी एक दिवस पारा वर चढायला लागला आणि मला माझाच संताप आला. मी तोटीला हात न लावता उठलो आणि पहिल्यांदाच भिंतीला वळसा घालून मागे गेलो. पाहतो तर भाऊंनी टाकीची धार बंद करून ठेवलेली. टाकीतलं पाणी चांगलं तापलं होतं, वर वाफा दिसत होत्या. भाऊ शांतपणे पाण्यात कोपर बुडवून पाहत होते. मग त्यांनी तळाचं बूच काढलं, सगळं गरम पाणी भडाभडा ओतून दिलं आणि विहिरीच्या गार पाण्यानं टाकी पुन्हा भरायला घेतली. भरून झाल्यावर भिंतीवर कोळशानं एक रेघ ओढली. भिंतीवर अशा रेघांचे जुडगेच्या जुडगे होते. प्रत्येक जुडग्यात सात.

मी काय काय ओरडलो ते इथे लिहिण्यासारखं नाही. भाऊंनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"काऊन चिडता बाबू? पानी तापलं त बदलाच लागते. तापल्या पान्यानं दारू उतरन का?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्या भागात घरोघरी मोहाची दारू गाळत. चुलीवर फुलांचं मडकं, त्यावर दुसरं मडकं, आणि सगळ्यांत वर पाण्याचं भांडं. वरचं पाणी तापलं की ते पूर्ण फेकून नवं गार पाणी घालायचं, आणि किती वेळा पाणी पालटलं त्यावरून आतल्या दारूचा कस ओळखायचा. पहिल्या पाण्याची दारू जहाल, पुढे ती उतरत जाते. भाऊंच्या हिशेबानं माझा तांब्याचा खांब हे तेच मडकं होतं, जरा उंच.

"आणि सात का?" मी विचारलं.

"सातव्या पान्यानंतर निरं पानीच येते. मंग मी लाकडं कमी करतो. फुकट काऊन जाळाचे?"

मी कपाळावर हात मारला. म्हणजे रोज संध्याकाळी बॉयलरची वाफ का कमी पडायची तेही कळलं. पाणी तापलं की माथ्याची वाफ नीट थंड होत नसे आणि परतीचा माल घटे, पारा चढे. टाकी एकदम गार झाली की परतीचा माल थंडगार आणि भरमसाट, पारा कोसळे. आणि मी मधे बसून प्रत्येक वेळी उशिरा, उलट्या बाजूला तोटी फिरवून ते दुप्पट करत होतो. तीन महिने आम्ही दोघं एका टिनाच्या भिंतीच्या दोन बाजूंना बसून एकमेकांशी झुंजत होतो, आणि दोघंही आपापलं काम चोख करत होतो.

राग ओसरल्यावर मी त्यांना समजावलं. इथे मडक्यात एकदा भरलेलं हळूहळू संपत नाही, खालून-वरून नवं येतच राहतं, म्हणून पहिलं पाणी आणि सातवं पाणी असं काही नाही. सगळा दिवस एकच पाणी, एकच धार. भाऊंनी भिंतीवरच्या रेघांकडे पाहिलं.

"म्हंजे हे कधी सरतच नाई?"

"नाही सरत."

"मंग मानूस घरी कधी जाते?"

मला हसू आलं. मी करंगळी दाखवली आणि म्हणालो, "एवढी धार ठेवा. कमी नाही, जास्त नाही."

दुसऱ्या दिवशी पारा एकाहत्तरवर आला आणि तिथेच बसला. दुपार झाली, उन्हं कलली, पारा हलला नाही. मी वहीत एकाहत्तर, एकाहत्तर, एकाहत्तर असं लिहीत गेलो आणि मला वाटलं, मी सुटलो. संध्याकाळी मॅनेजर आले, त्यांनी वही पाहिली, माझ्या पाठीवर थाप मारली.

"वा! आता तुम्हाला कोण सोडतो?"

ते हसले. मीही हसलो. मग माझ्या लक्षात आलं की ते फक्त हसत नव्हते. खांब बिघडलेला होता तोवर मी निरुपयोगी होतो, आता मी जमेत धरला गेलो होतो. त्यांनी शब्द मोडला नाही, त्यांना तशी गरजच नव्हती. अट दोन भागांची होती. खांब सरळ चालला, आता चालवणारा माणूस हवा. आणि त्या जंगलात रसायनशास्त्र शिकलेला दुसरा माणूस कुठून यायचा? चांद्याहून एकजण आला होता, तो वासानंच परत गेला.

मी भाऊंना मचाणावर आणलं. दुसरं कोणी सुचलं नाही, हे एक. आणि दुसरं, त्यांच्या हातात काहीतरी आहे हे मला टाकीपाशी दिसलं होतं. त्यांना आकडे वाचता येत नव्हते. मी थर्मामीटरवर लाल रंगाची रेघ मारून दिली. ते चार दिवस तिच्याकडे पाहत बसले आणि पाचव्या दिवशी म्हणाले, "हे लई उशिरा सांगते, बाबू."

"म्हणजे?"

त्यांनी मला मधल्या मचाणावर नेलं. बोट ओलं करून त्याची पाठ एका कड्याला क्षणभर टेकवली, मग त्याच्या खालच्या कड्याला. "हे गरम झालं ना, की मंग अर्ध्या घंट्यानं वरचा पारा हालते. वरतं पाह्यत काऊन बसाचं? इथी पाहा."

मी बोट टेकवून पाहिलं, मला फक्त चटका बसला. पण त्यांचं खरं होतं. खांबाच्या मधोमध एक जागा अशी असते की तिथे थोडासा बदल झाला तरी उष्णता झपाट्यानं सरकते, आणि माथ्याला ते फार उशिरा कळतं. पुढे मी तिथे एक थर्मामीटर बसवला आणि तोटी त्याच्यावरून फिरवू लागलो. अशा खांबांवर ताबा ठेवायचा तो याच रीतीनं, हे मी नंतर पुस्तकांत वाचलं. त्या पुस्तकांत भाऊंचं बोट नाही. ते असायला हवं होतं असं मला अजून वाटतं.

महिनाभरात भाऊ माझ्याइतकाच चांगला खांब चालवू लागले, आणि खरं सांगायचं तर माझ्याहून बरा. आवाजावरून त्यांना चकतीवर पाणी तुंबल्याचं कळे. मी झोपायचो आणि ते जागायचे, ते झोपायचे आणि मी जागायचो, असे तीन दिवस आणि तीन रात्री आम्ही खांब अखंड चालवला. वहीत एकही दात उमटला नाही. मला इतका आनंद झाला की मी त्यांचे पाय धरले. ते लाजून मागे सरले. "असं काऊन करता बाबू? तुमाले लेकीकडे जाचं हाय ना, मंग जाच लागन."

तोवर चैत्र लागला होता आणि मोह पडू लागला होता. तिकडे ज्याच्या-त्याच्या घराण्याची ठरलेली झाडं असतात. पंधरा-वीस दिवस पहाटेपासून अख्खं घर झाडाखाली असतं, ओंजळीनं फुलं वेचतं. उशीर झाला की गुरं, हरणं, अस्वलं खाऊन टाकतात. वर्षभराचं खाणं, पाहुणचार, देवाचं देणं, सगळं त्या फुलांत. भाऊ दर चैत्रात बॉयलर सोडून जात आणि तेवढ्यापुरता भट्टीवरचा कोणीतरी लाकडं टाके. बॉयलर कोणालाही पेटवता येतो. खांब मात्र आता आम्हां दोघांनाच चालवता येत होता, आणि आमच्यातला एक निघाला होता.

हे मला तेव्हा कळत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. कळत होतं. त्यांना बोट कुठे टेकवायचं हे मी विचारत होतो, वाफेची तोटी त्यांच्या हातात देत होतो, तेव्हाही कळत होतं.

माझ्या जाण्याच्या आदल्या दिवशी भाऊ माझ्या खोलीपाशी आले, उंबऱ्याबाहेर उकिडवे बसले.

"साह्यबाले एक सांगसान का? मले आठ दिवस पायजे. मोह पडून राह्यला. बुढी एकटीच हाय, तिच्यानं झाडं होत नाईत. मी बोललो त म्हनते, तू गेला त खांब बंद, खांब बंद त भट्ट्या बंद, तुह्याच गावचे वीस मानसं घरी बसतीन. आता मी गाववाल्याईले काय तोंड दाखवू? तुमी सांगा. तुमचं आयकन तो."

"सांगतो," मी म्हणालो. सांगणारही होतो. आठ दिवस आणखी थांबतो, भाऊंना मोह वेचून येऊ द्या, मग मला सोडा, एवढं एक वाक्य. रात्रभर ते मी मनात घोळवलं.

सकाळी मॅनेजरांनी कपाट उघडलं. प्रमाणपत्रं बाहेर काढली, फुंकर मारून धूळ उडवली. वाळवी लागलेली नव्हती. ती माझ्यापुढे धरली आणि हातातून न सोडताच विचारलं, "आणखी काही?"

त्यांचा चेहरा अगदी प्रसन्न होता. पण मला त्यात त्या संध्याकाळचं ते हसणं दिसलं. मी थांबतो म्हटलं असतं तर ते कागद पुन्हा आत गेले असते. आठ दिवसांचे पंधरा झाले असते, मग मृग. असं मी मनाशी म्हणालो. ते खरं होतं की मला सोयीचं होतं, हे मला आज ऐंशीच्या घरात आलो तरी सांगता येत नाही.

"काही नाही," मी म्हणालो आणि कागद घेतले.

भाऊंचा निरोप घ्यायला मी मचाणाखाली गेलो. ते वर होते, पाठमोरे, बोट कड्याला टेकवून. हाक मारली असती तर त्यांना वळावं लागलं असतं आणि विचारावं लागलं असतं. मी हाक मारली नाही. खांबावर काम चाललेलं असताना माणसाला हाक मारू नये, हा नियम मीच त्यांना घालून दिला होता.

मोटारीचा थांबा कारखान्यापासून मैलभर होता, एका वळणावर. पेटी डोक्यावर घेऊन मी चालत गेलो. तिथे एक म्हातारी बसली होती, पुढ्यात मोहाच्या फुलांनी अर्धी भरलेली टोपली, लुगड्याचा काष्टा गुडघ्यापर्यंत, पाय फुलांच्या रसानं चिकट झालेले. तिनं माझ्याकडे निरखून पाहिलं.

"तुमीच ना खांबावाले बाबू? बुढा सांगते तुमचं."

भाऊंची बायको होती. मी हो म्हणालो.

"लेक पाहाले चालले ना? जा बाबू जा. बाप घरी पायजे." तिनं टोपलीतली दोन ओंजळी फुलं माझ्या रुमालात टाकली, मी नको नको म्हणत असताना. "तिच्या मायले द्या. बाळंतिनीले चांगलं असते." मग रस्त्याकडे पाहत म्हणाली, "बुढा म्हने, बाबू साह्यबाशी बोलनार हाय. म्हून मी इथंच येऊन बसली, म्हटलं दोघंही संगंच येतीन. अर्धा मोह गुरायनं खाल्ला. कधी येते तो?"

मोटारीचा आवाज वळणाच्या पलीकडून येत होता. मी पेटी उचलली.

"येतील," मी म्हणालो, "मागूनच येतायत."

ती उठून उभी राहिली, टोपली कडेवर घेतली आणि मोटार सुटली तरी कारखान्याच्या वाटेकडे पाहत होती.